पत्रिका जुळत नाही

पत्रिका पाहण्यावर माझा कधीच विश्वास नव्हता. पण घरी रेकॉर्ड केलेली डीव्हीडी दुसऱ्याच्या घरच्या प्लेअरवर लावून पाहण्याचा योग दोन-चारदा आला, आणि ज्या कोणी छत्तीस गुणांचा हिशोब काढला त्या गृहस्थाबद्दल मनात आदर उत्पन्न झाला. तबकडी गोल, मधे भोक, एक बाजू चकचकीत. प्लेअरलाही नेमका तेवढ्याच मापाचा ट्रे. वरवर पाहता स्थळ अगदी अनुरूप. पण ट्रे आत जातो, आतून घरघर होते, कोणीतरी दोनदा घसा खाकरल्यासारखा आवाज येतो आणि पडद्यावर अक्षरं उमटतात : 'नो डिस्क'. डिस्क पोटात आहे आणि हा म्हणतो, डिस्कच नाही! बोहल्यावर उभं राहून नवऱ्यामुलाने 'मुलगी कुठे आहे?' विचारण्यापैकी हा प्रकार.

अशा वेळी घरात दोन पक्ष पडतात. तबकडीवाले म्हणतात, "आमच्याकडे छान लागते." प्लेअरवाले म्हणतात, "आमच्याकडे बाकीच्या सगळ्या लागतात." दोघेही खरंच बोलत असतात आणि भांडण मिटत नाही ते यामुळेच. एक जण खोटं बोलत असला की भांडण मिटायला फारसा वेळ लागत नाही. दोन्ही पक्ष खरे असले की मग तारखा पडतात. आम्हां रत्नागिरीकरांना हे समजावून सांगायला नको.

कारणं शोधायला गेलो तर हे प्रकरण खरोखरच गण, नाडी आणि गोत्रापर्यंत जातं. बाजारातून आणलेल्या सिनेमाच्या तबकडीवर बारीक खळगे छापून काढलेले असतात, पेढ्यावर ठसा उमटवावा तसे. घरची तबकडी छापलेली नसते, भाजलेली असते. तिच्या पोटात रंगाचा एक पातळ थर असतो आणि लेझरच्या किरणाने तो जागोजाग भाजतात. त्यामुळे ती प्रकाश जरा कमी परतवते. पुन्हा पुन्हा पुसून लिहायची जी तबकडी, ती तर त्याहून कमी. जुन्या प्लेअरला इतक्या मंद उजेडात वाचायची सवय नाही. चष्मा घरी विसरलेल्या आजोबांसारखा तो कागद उलटासुलटा करतो आणि ठामपणे सांगतो, यावर काही लिहिलेलं नाही!

त्यातून जात आडवी येते. पायोनियरने १९९७ साली 'डीव्हीडी-आर' आणली. पुढे २००२ मध्ये फिलिप्स, सोनी वगैरे मंडळींच्या गोटाने 'डीव्हीडी प्लस आर' आणली. पहिल्या नावातली ती आडवी रेघ म्हणजे खरं तर नुसती जोडरेघ. पण समोर 'प्लस' येऊन उभा राहिल्यावर बिचारीला सगळं जग 'मायनस' म्हणायला लागलं. शेजारी कोण राहायला येतो यावर आपली किंमत ठरते ती अशी.

आणि समुद्रापलीकडचं स्थळ असेल तर विचारूच नका. आपलं दूरदर्शन पाल पद्धतीचं होतं, ६२५ रेघांचं, सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेची पद्धत होती एनटीएससी, ५२५ रेघांची, सेकंदाला तीसच्या आसपास चित्रं. तबकड्यांनी हीच घराणी पुढे चालवली. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही वाचायचे. तिकडचे बरेचसे फक्त स्वतःचीच. ज्याला गरज असते तो दोन भाषा शिकतो, बाकीचे समोरच्याला म्हणतात, तुझा उच्चार नीट नाही.

तर प्रश्न असा, की वाकायचं कुणी? समजेल असं लिहिणं हे लिहिणाऱ्याचं कर्तव्य, की लिहिलंय ते समजून घेणं हे वाचणाऱ्याचं?

आमच्या गावाने याचं एक राजेशाही उदाहरण पाहिलेलं आहे. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी पदच्युत केलं आणि १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं. पुढे १९१० मध्ये त्याला राजवाडा मिळाला, आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. तीस वर्षं ही परदेशी तबकडी आमच्या प्लेअरमध्ये होती. आम्ही काही बर्मी शिकलो नाही. राजाची नात मात्र याच गावात वाढली आणि अस्सल मराठी बोलत इथेच म्हातारी झाली. प्लेअर बदलला नाही, तबकडीच बदलली. पण त्याला तिसरी पिढी उजाडावी लागली, आणि मूळच्या गाण्यातलं त्यात किती उरलं ते विचारायची सोय नाही.

याच्या उलट गोष्ट मोडीची. कोकणातल्या जुन्या घरात माळ्यावर एखादी पेटी असतेच आणि पेटीत मोडीची कागदपत्रं असतातच. तबकड्या शाबूत आहेत, प्लेअर संपले! विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ज्या लिपीत घरोघर हिशोब लिहिले जात, तिच्यातला पणजोबांचा कागद आज पणतवाला किड्यामुंग्यांची रांग वाटते. आता इथे पणजोबांना कुठे गाठणार आणि 'जरा बाळबोधमध्ये लिहा हो' म्हणून सांगणार? मोडी शिकून घेणं एवढाच मार्ग. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमालच्या रुमाल पडले आहेत, ते वाचणाऱ्यांनी हेच केलं. म्हणून माझं आपलं मत असं, की चार पावलं जास्त चालायची ती ऐकणाऱ्याने. बोलणारा बरेचदा हजर नसतो.

हे मत मी आमच्या काकांच्या ओटीवर बसून ऐटीत मांडलं आणि काकांनी ते सुपारीसारखं कातरून ठेवलं. म्हणाले, "बोलणारा आणि ऐकणारा दोघांचंच बोलतोस. सांभाळणाऱ्याचं काय?"

काका सांभाळणारे आहेत. त्यांच्याकडे आत्याची तबकडी आहे.

२००७ च्या मे महिन्यात चुलतभावाने मस्कतहून डीव्हीडी रेकॉर्डर आणला. काकांनी कॅमेरा स्टुलावर ठेवला, समोर जातं मांडलं आणि थोरल्या बहिणीला म्हणाले, "म्हण." आत्याने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. मधे थांबून कोण कुणाची कोण, कुणाचं लग्न कुठे मोडलं आणि का, ते सांगितलं. तेही सुरातच. फणसाचं सांदण बिघडतं का याबद्दल एक मोठं कीर्तन झालं. दोन तासांच्या तबकडीवर ९८ मिनिटं भरली. आत्या म्हणाली, "आता पुरे. बाकीच्या आठवतायत, पण आज गळा बसला. पुढच्या मेमध्ये घालू." पुढच्या मेमध्ये ती अंथरुणावर होती आणि भाद्रपदात गेली. बावीस मिनिटं उरली.

घरच्या तबकडीची मुख्य गोम इथे आहे. रेकॉर्डिंग संपलं की ती 'फायनलाइज' करावी लागते. यंत्र दोन-चार मिनिटं आत काहीतरी खरडतं, म्हणजे आरंभीची अनुक्रमणिका आणि शेवटचा समाप्तीचा शिक्का उठवतं. मग ती बहुतेक प्लेअरवर लागते. पण त्यानंतर तीत एक अक्षर भरता येत नाही. न केली तर भरत राहा खुशाल, पण मग ती लागणार फक्त त्याच यंत्रावर. थोडक्यात, जोवर तुमचं बोलणं चालू आहे तोवर ते तुमच्या घरातच कळणार, गावाला कळायला हवं असेल तर पूर्णविराम द्या.

काकांनी पूर्णविराम दिलेला नाही. तबकडी डोंबिवलीला आतेबहिणीकडे जाऊन 'नो डिस्क' ऐकून परत आली. न्यू जर्सीच्या भाच्याला तर पाठवण्यातही अर्थ नव्हता, तिथे गोत्रही आडवं येणार. सगळ्यांचं काकांना एकच सांगणं, बटण दाबा. यंत्र म्हातारं झालंय. ट्रे बाहेर यायला उलथन्याची मदत लागते. उद्या ते बंद पडलं तर? आईच्या आवाजावर लेकीचा हक्क नाही का? एका बाजूला सगळे नातेवाईक आणि एका बाजूला हे गृहस्थ रिमोट उशाखाली घेऊन. आतेबहीण एकदा चिडून म्हणाली, "खोती जाऊन सत्तर वर्षं झाली, पण मामा माझ्या आईच्या आवाजाचा खोत होऊन बसलाय." बोलणं लागणारं होतं, पण खोटं होतं असं नाही.

काकांना विचारलं. ते म्हणाले, "आपल्या वरच्या ठिकाणाच्या सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे?"

पणजोबांचं आहे. ते वारल्याला साठ वर्षं झाली असतील. वारसनोंद झालेली नाही, कारण एकतीस सह्या लागतात. त्यामुळे जमीन विकता येत नाही, कर्ज काढता येत नाही, आणि कलमांचे आंबे मात्र दर वर्षी सगळ्यांकडे जातात. कोकणात अशी कितीतरी माणसं केवळ सातबाऱ्यावर हयात आहेत. सरकारी दृष्टीने हा गोंधळ आहे. सोयीच्या दृष्टीने तर आहेच.

"ती बावीस मिनिटं तिची आहेत," काका म्हणाले. "तिने ठेवलेली. तिला विचारल्याशिवाय मी मोडू कशी? बटण दाबलं म्हणजे ती आता काही म्हणायची नाही, असं मीच लिहून दिल्यासारखं होतं."

आता यावर काय बोलणार? तुम्ही म्हणाल, हा भाबडेपणा. असेल. पण आपल्यासाठी जे उघडं ठेवायचं असतं ते दुसऱ्याला देता येत नाही, आणि द्यायचं तर ते बंद करावं लागतं, ही अट त्या यंत्राने घातलीय, काकांनी नव्हे. लेकीचा हक्क मला मान्य आहे. भावाचा धाकही मान्य आहे. दोन्ही पक्ष खरे!

सुटका झाली ती मारुती मंदिराजवळच्या एका दुकानातल्या पोराकडून. त्याने लग्नाच्या कॅसेटींपासून सगळं बदलून दिलेलं. म्हणाला, "बंद न केलेली तबकडीसुद्धा कॉम्प्युटरवर पुष्कळदा वाचता येते. ड्राइव्ह चांगला पाहिजे आणि त्यासाठीचं सॉफ्टवेअर पाहिजे. तबकडीला हातही लावायला नको, नुसती नक्कल घ्यायची." काकांनी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

"म्हणजे त्यांची बंद, माझी उघडी?"

"हो."

"मग ने. पण संध्याकाळच्या आत परत आण."

नक्कल निघाली. पेनड्राइव्ह डोंबिवलीला गेला. रविवारी आतेबहिणीचा फोन. टीव्ही म्हणतोय, ही फाइल चालत नाही.

"अगं, पण दुकानात लागली होती."

"आमच्या टीव्हीवर बाकीच्या सगळ्या लागतात."

पोराला विचारून ती दुसऱ्या रूपात बदलून पाठवतो म्हटलं आणि काकांच्याही कानावर घातलं. ते अडकित्ता बाजूला ठेवून म्हणाले, "तिला म्हणावं, मेमध्ये ये. इथे लागते."