डावा पाय

पाबे घाट ओलांडून वेल्ह्याच्या बाजूला उतरलं की एक कच्ची वाट खालच्या वाडीकडे सुटते. जुलै १९९९ मध्ये त्या वाटेच्या तोंडाशी बाबांनी जीप थांबवली, स्वतः उतरले आणि मला म्हणाले, "बस आता तू." मी तेव्हा ३७ वर्षांची होते. कॉलेजात संस्कृत शिकवायचे आणि कर्वे रस्त्यावर फियाट चालवायचे. जीप कधी हातात घेतली नव्हती. बाबांनी फोर-लो लावून दिला, मला पहिला गिअर टाकायला सांगितलं आणि एकच सूचना दिली: उतार संपेपर्यंत क्लचला पाय लावायचा नाही, ब्रेकलाही नाही. हातात फक्त स्टिअरिंग.

मधल्या वळणावर चिखलात मागचं चाक जरासं सरकलं. मी घाबरून क्लच दाबला. इंजिनाची घरघर एकदम हलकी झाली आणि जीप मोकळी सुटली. बाबा ओरडले नाहीत. "पाय उचल," एवढंच म्हणाले. मी पाय उचलला, तसा एक हिसका बसला, इंजिनाने चाकांना पुन्हा धरलं आणि गाडी चालत्या माणसाच्या वेगाने खाली जाऊ लागली. खाली पोचल्यावर माझे हात थरथरत होते. बाबा तंबाखू मळत समोरच्या तोरण्याकडे बघत होते.

ती जीप अजून आमच्या एरंडवण्यातल्या इमारतीच्या आवारात उभी आहे. १९८९ची महिंद्रा एमएम ५४०, प्यूजोचं डिझेल इंजिन, चार गिअर. बाबा पाटबंधारे खात्यात होते. मोसे नदीवर वरसगाव धरणाचं काम चालू होतं तेव्हा त्यांच्याकडे सरकारी पेट्रोल जीप असायची. तिच्यात गिअरचा एक आणि ट्रान्सफर केसचे दोन असे तीन दांडे होते, आणि चालत्या गाडीत पहिला गिअर टाकायचा तर डबल क्लच करावा लागे. निवृत्तीनंतर त्यांनी ही एमएम ५४० लिलावात घेतली. बाबा गेले, जीप माझ्याकडे आली.

आता माझ्या डाव्या गुडघ्याची वाटी झिजली आहे आणि डॉक्टरांनी जीपचा क्लच बंद करायला सांगितलं आहे. भाचा म्हणतो, "आत्या, ऑटोमॅटिक थार घे, ही देऊन टाक." नाना पेठेतले आमचे मेस्त्री म्हणतात, "ऑटोमॅटिक चालवतात, ताई. जीप हाकतात." दोघंही माझ्या काळजीपोटीच बोलतात, आणि मी दोन महिने या एका प्रश्नावर अडून बसले होते.

अमेरिकेत जुन्या जीपमध्ये ही निवड फार आधीपासून आहे. १९६३च्या वॅगोनिअरला चारचाकी ओढीबरोबर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळत होता, १९७६च्या सीजे-७लाही. आपल्याकडे १९४७ पासून महिंद्रांनी विलीजच्या जीपा जोडायला घेतल्या, त्या क्लचच्याच. त्या पिढीला निवड नव्हती, त्यामुळे प्रश्नही नव्हता. निवड आली ती २ ऑक्टोबर २०२० रोजी नवी थार बाजारात आली तेव्हा.

प्रश्न गाडीचा असता तर मी तो भाच्यावर सोडून दिला असता. पण तीस वर्षं मी वर्गात एक उदाहरण सांगत आले आहे, आणि ते आता माझ्याच अंगावर आलं आहे. रामानुजांच्या परंपरेत पुढे, मोक्ष प्रयत्नाने की देवाच्या कृपेने, यावरून दोन तट पडले. वेदान्तदेशिकांच्या बाजूचे माकडिणीच्या पिल्लाचा दाखला देत: आई उडी मारते, पण पिल्लाने तिच्या पोटाला घट्ट धरलं पाहिजे. पिळ्ळै लोकाचार्यांच्या बाजूचे मांजरीच्या पिल्लाचा: आईच त्याला मानेला धरून उचलते, पिल्लाला काही करावं लागत नाही. मर्कटन्याय आणि मार्जारन्याय. एकात प्रयत्न, दुसऱ्यात कृपा. फळ्यावर दोन रकाने आखून मी हे शिकवत असे आणि मुलं ते परीक्षेत लिहीत. मेस्त्रींचं म्हणणं त्याच रकान्यांत बसतं: क्लचची जीप म्हणजे माकडिणीचं पिल्लू, ऑटोमॅटिक म्हणजे मांजरीचं.

मला आता वाटतं की मी ते चुकीचं शिकवलं.

पाबेच्या उतारावर मी काय केलं ते पाहा. क्लचची गाडी म्हणजे सगळं आपल्या हातात, असं आपण धरून चालतो. पण त्या गाडीतलं सर्वांत अवघड कसब बाबांनी मला शिकवलं ते पाय उचलण्याचं होतं. तीव्र उतारावर, लो गिअरमध्ये, इंजिन स्वतःच्या दाबाने चाकांना रोखतं. माणूस मध्ये पडला की बिघडतं. भीतीने केलेली कृती हाच तिथला धोका. म्हणजे माकडिणीच्या पिल्लालाही कुठल्यातरी क्षणी हात सैल करावे लागतात, आणि कोणत्या क्षणी ते कळायला वर्षं जातात.

दुसरी बाजू मला आईने शिकवली. अर्धांगाच्या झटक्यानंतर ती साडेतीन वर्षं अंथरुणावर होती. आयुष्यभर कुणाकडून पाण्याचा तांब्यासुद्धा न घेतलेली बाई. तिला खाटेवरून खुर्चीत ठेवायचं तर दोघी लागायच्या, कारण उचलताना ती अंग ताठ करायची, आमच्या खांद्याला नखं रुतवायची. दिवसा सांभाळायला येणाऱ्या मावशी रोज म्हणायच्या, "आजी, अंग सोडा." कितीतरी महिन्यांनी एका सकाळी आईने अंग सोडलं आणि मावशींनी तिला एकटीने उचललं. त्या दिवशी आईचा चेहरा कसा होता ते मला सांगता येत नाही. एवढं सांगते की ती पराभूत दिसत नव्हती. आमच्या जुन्या वाड्यात मांजरी माळ्यावरून पिल्लं हलवायच्या. मानेला धरताच पिल्लू पाय पोटाशी घेतं आणि अगदी निपचित होतं. तडफडणारं पिल्लू मांजरीला नेता येणार नाही. म्हणजे पिल्लू काहीच करत नाही हे खरं नाही, स्वतःला सैल सोडण्याचं काम तेच करतं.

तर दोन रकाने टिकत नाहीत. मग ऑटोमॅटिकचं काय?

भाच्याच्या मित्राची थार मी चालवून पाहिली. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तिथे घट्ट धरणारी क्लच प्लेट नाही, तेलात फिरणारी पात्यांची चाकं आहेत. इंजिन एक चाक फिरवतं, ते तेल ढवळतं, तेल दुसरं चाक फिरवतं. फॉटिंगर नावाच्या जर्मन अभियंत्याने ही युक्ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजांसाठी काढली. दगडावरून चढताना ती क्लचपेक्षा सरस आहे, हे जुन्या जीपच्या माणसांनी मोकळेपणाने मान्य करावं. गाडी बंद पडत नाही, जोर हळूहळू वाढत जातो, चाक दगडाला चाचपत वर येतं. उतारावर एक बटण दाबलं की गाडी एकेक चाकाचा ब्रेक स्वतः लावत उतरते. मी बटण दाबलं. गाडी सुरेख उतरली. पण माझा उजवा पाय सगळा उतारभर ब्रेकवर तरंगत होता आणि डावा नसलेला क्लच शोधत होता. ज्या गाडीत काहीच करायचं नव्हतं तिथे मी घामाघूम झाले. जीपमध्ये मी दातांवर विश्वास ठेवला होता, गिअरचे दात गिअरच्या दातांत बसलेले पायाला कळत होते. इथे तेलावर विश्वास ठेवायचा होता, आणि तो माझ्याकडे नव्हता.

त्या रात्री मी गीतेचा अठरावा अध्याय काढला. एकसष्टाव्या श्लोकात प्राणिमात्रांना यंत्रारूढ म्हटलं आहे: हृदयात बसलेला ईश्वर यंत्रावर बसवल्यासारखं सर्वांना फिरवतो. या एका शब्दावरून पुष्कळांनी माणसाला बाहुली ठरवलं. पण त्यानंतर दोनच श्लोकांनी कृष्ण अर्जुनाला सांगतो की या सगळ्याचा पुरता विचार कर आणि मग तुला हवं ते कर. यंत्रावर बसवून झाल्यावर निवड पुन्हा त्याच्याच हाती दिली आहे. त्याच अध्यायात थोडं आधी कर्माची पाच कारणं येतात. कर्ता त्यांतलं एक, दैव पाचवं. कर्त्याचा वाटा एक पंचमांश असेल, पण तो वाटा दुसऱ्या कुणाचा नाही. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या 'गीतारहस्या'त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. ज्या माणसाला तुरुंगाबाहेर पाऊल टाकायची मुभा नव्हती त्याने आत्म्याची प्रेरणा स्वतंत्र आहे हे शांतपणे, पानंच्या पानं मांडलं, याचं मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटतं.

आणि मला आणखी एक गोष्ट दिसली, जी इतकी वर्षं समोर असून दिसली नव्हती. अर्जुन रथ हाकत नाही. लगाम कृष्णाच्या हातात आहेत. मेस्त्रींच्या हिशेबाने अर्जुन गाडीत नुसता बसलेला. पण लगाम हातात नाहीत म्हणूनच त्याचे दोन्ही हात गांडीवाला मोकळे आहेत. कठोपनिषदातल्या रथातही आत्मा रथाचा स्वामी म्हणून बसलेला आहे, हाकते ती बुद्धी. आपल्या परंपरेने हाकणाऱ्याला मान दिला, पण बसणाऱ्याला कधी कमी लेखलं नाही. त्याला एवढंच विचारलं: हात मोकळे झाले, आता त्या हातांनी काय करणार?

एक दुःख मात्र माझं राहतं, आणि ते कुठल्याही श्लोकाने जात नाही. बाबांच्या पायात जे ज्ञान होतं ते कागदावर उतरत नाही. वरसगावच्या कच्च्या रस्त्यांवर, शेजारी मुकादम आणि मागे सिमेंटच्या गोण्या घेऊन, हजार वेळा गिअर बदलून ते त्यांच्या पायात आलं. त्यातलं थोडं माझ्या पायात आलं. भाच्याच्या मुलीने कधी क्लच दाबलेला नाही. ती उत्तम गाडी चालवते, तिचं काही अडत नाही. तरी पृथ्वीच्या उताराला पायाच्या तळव्याने ओळखण्याची एक रीत आमच्या घरातून संपते आहे, आणि तिला संपताना पाहणं मला जड जातं. म्हणून जीप मी विकणार नाही. पासिंगची मुदत मार्चमध्ये संपते, तेव्हा मेस्त्री ती संगम पुलाजवळ आरटीओत घेऊन जातील. पन्नास वर्षं पूर्ण होऊन तिला विंटेजचा दाखला मिळायला अजून बराच काळ आहे. दर रविवारी भाच्याच्या मुलीने ती चालवायची, असं ठरलं आहे.

मी ऑटोमॅटिक घेतली, दिवाळीच्या पाडव्याला. शिकवायला आलेल्या मुलाने पहिल्याच दिवशी सांगितलं, "काकू, डावा पाय मागे घ्या, सीटखाली ठेवा, विसरून जा." ते सोपं नव्हतं. नवले पुलाच्या अलीकडे सिग्नलला सवयीने डावा पाय जोरात खाली गेला, ब्रेकवर पडला आणि गाडी जागच्या जागी थांबली. मागच्या रिक्षावाल्याने कसंबसं आवरलं. मी उतरून त्याची माफी मागितली. त्यानंतर रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी मी डावा पाय हाताने उचलून मागे ठेवते, आसनावर बसताना ठेवते तसा. चाळीस वर्षं राबलेला पाय आहे, त्याला सांगावं लागतं.

गेल्या शनिवारी पाबे घाटातून त्याच वाडीला गेले. वाट आता निम्मी सिमेंटची आहे. उरलेल्या कच्च्या उतारावर बटण दाबलं आणि वळणं मोजायला लागले. तिसऱ्या वळणावर चाक सरकलं. पाय मागेच होता.