नल्लाकुंटा ते रायचूर

हैदराबादेत काचीगुडा चौरस्त्यावरून निघालं की नल्लाकुंटा पायी जाण्याच्या अंतरावर आहे. मार्च १९७८च्या अखेरीस तिथल्या पोलीस ठाण्यासमोर हजारोंचा जमाव जमला होता आणि त्या जमावाने एका रिक्षावाल्याचं प्रेत तिथे आणून ठेवलं होतं. तो आणि त्याची बायको रात्री सिनेमा बघून घरी निघाले होते. पोलिसांनी हटकलं, बायकोला ठाण्यात डांबलं. तिथे पोलिसांनीच तिच्यावर बलात्कार केला आणि नवऱ्याला इतकं मारलं की तो वाचला नाही, असा निष्कर्ष पुढे न्यायमूर्ती मुक्तदर यांच्या एकसदस्य चौकशी आयोगाने काढला. पण आयोग नंतरचा. त्या दिवशी लोकांना कुणाच्या निष्कर्षाची वाट पाहायची नव्हती. दगडफेक झाली, जाळपोळ झाली, पोलिसांनी गोळीबार केला, शहरात कर्फ्यू लागला. मुख्यमंत्री चेन्ना रेड्डींचं सरकार येऊन महिनाही झाला नव्हता.

त्या बाईचं नाव तेव्हा देशभरातल्या वर्तमानपत्रांनी छापलं आणि आजही ते प्रकरण तिच्याच नावाने ओळखलं जातं. मारणाऱ्यांची नावं कुणाला आठवत नाहीत. मी तिचं नाव लिहीत नाही. बलात्कार सोसलेल्या स्त्रीची ओळख उघड करू नये, असं १९८३पासून कायदाही सांगतो, आणि ती शहाणी तरतूद आहे.

काचीगुडा, निंबोळी अड्डा, चप्पल बाजार, बरकतपुरा या भागात तेव्हा मराठी घरांची चांगली वस्ती होती. कुणी निझामाच्या काळापासून रेल्वेत, कुणी मराठवाड्यातून शिकायला येऊन इथलंच झालेलं. या घरांतली वडीलधारी माणसं त्या कर्फ्यूबद्दल अजून बोलतात. दुधाच्या रांगा, बंद पडलेल्या बस, दारं लावून घरात काढलेल्या रात्री, सगळं बोलतात. रायचूरबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

रायचूरला काय झालं? मुक्तदर आयोगाने पोलिसांना दोषी मानलं आणि त्यांच्यावर खटला भरावा असं सांगितलं. खटला उभा राहिला. पण हैदराबादेत वातावरण तापलेलं आहे, इथे न्याय मिळणार नाही, असं म्हणत आरोपी पोलिसांनी तो राज्याबाहेर नेण्याची मागणी केली आणि तो कर्नाटकात रायचूरच्या सत्र न्यायालयात गेला. १९८१मध्ये सगळे निर्दोष सुटले. यात कायद्याची एक गोम होती. चौकशी आयोगाचा अहवाल हे कायद्याच्या लेखी एक मत असतं. आयोगापुढे माणसाने जे सांगितलं, ते फौजदारी खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. म्हणजे जे उभ्या शहराने ऐकलं, वाचलं, त्यातलं फारसं काही त्या न्यायालयाच्या उपयोगाचं नव्हतं. तिथे पुरावा पुन्हा पहिल्यापासून मांडायचा होता, ज्यांनी तपास करायचा तेही पोलीसच होते, आणि हैदराबादची गर्दी रायचूरला आली नव्हती.

संताप नल्लाकुंट्याला झाला, निकाल रायचूरला लागला. या दोन गावांच्या मधे जी तीन वर्षं गेली, तीच जबाबदारी निश्चित करण्याची वर्षं होती, आणि त्या वर्षांत आपण तिथे नसतो. मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे. पोलिसी अत्याचाराविरुद्धचा आपला संताप खोटा नाही. तो फार लवकर घरी परततो. त्याहून वाईट म्हणजे, मेलेला माणूस कोण होता हे पाहून तो ठरवतो की पेटायचं की टाळ्या वाजवायच्या.

हे मी रागाने लिहितो आहे, कारण टाळ्याही याच शहराने वाजवल्या. नोव्हेंबर २०१९मध्ये शमशाबादजवळ एका तरुण पशुवैद्यक मुलीवर सामूहिक बलात्कार करून तिला जाळण्यात आलं. शहर हादरलं, आणि हादरायलाच हवं होतं. ६ डिसेंबरच्या पहाटे चारही आरोपी चटनपल्लीजवळ पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. आरोपींनी पिस्तुलं हिसकावली, असं पोलिसांनी सांगितलं. त्या जागी लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली, मिठाई वाटली. काचीगुड्यातही त्या दिवशी जिकडेतिकडे आनंद होता. शिकल्यासवरल्या मराठी घरांतही होता, हे मी पाहिलं आहे. ज्या समाजाने १९७८मध्ये ठाण्याला जाब विचारला, त्याच समाजाने एकेचाळीस वर्षांनी ठाण्याला सांगितलं की जाब द्यायची गरज नाही.

सर्वोच्च न्यायालयाने मग चौकशीसाठी आयोग नेमला. अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर, आपले विदर्भाचे. त्यांच्या सोबत मुंबई उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्ती रेखा बलदोटा आणि सीबीआयचे माजी संचालक कार्तिकेयन. मे २०२२मध्ये अहवाल उघड झाला. आरोपींना ठार मारण्याच्या हेतूनेच जाणूनबुजून गोळ्या झाडल्या, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालावा, आणि मेलेल्या चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते, असं त्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने पुढचा निर्णय तेलंगणाच्या उच्च न्यायालयावर सोपवला. फुलं उधळणाऱ्यांपैकी किती जणांनी तो अहवाल वाचला असेल?

इथल्या पोलिसांची चौकशी करायला मराठी न्यायाधीश येण्याची ही पहिली वेळ नव्हती. आणीबाणी उठल्यावर १९७७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश वि. म. तारकुंडे यांच्या समितीने आंध्रातल्या चकमकींची पाहणी केली. नक्षलवादी म्हणून मारलेले तरुण चकमकीत मेले नव्हते, त्यांना आधी पकडून मग मारलं होतं, असं समितीने मांडलं. त्यातून न्यायमूर्ती भार्गव यांचा सरकारी आयोग आला. सरकारने बंद दाराआड सुनावणीचा आग्रह धरला आणि ते काम अर्ध्यावर संपलं. सासवडच्या तारकुंड्यांनी मेलेल्यांच्या राजकारणाशी काडीचंही सहमत नसताना हे केलं. ते रॉयवादी, म्हणजे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे होते, बंदुकीच्या राजकारणाला त्यांचा विरोध होता. पण मारला गेलेला माणूस आपल्या विचारांचा आहे का, हा प्रश्न त्यांनी आड येऊ दिला नाही. माझ्या मते तारकुंड्यांचं मोठेपण यात आहे, आणि आपण नेमके इथेच कमी पडतो.

काचीगुड्याहून मनमाडच्या दिशेने जाणारा लोहमार्ग नांदेड, परभणी, जालना असा मराठवाड्याला कापत जातो. १९५६पर्यंत हा सगळा मुलूख एका हैदराबाद राज्यात होता. परभणी स्टेशन आलं की मला दोन आया आठवतात. एकीचा मुलगा अभियंता, दुबईत नोकरीला. घाटकोपर बॉम्बस्फोटाच्या प्रकरणात डिसेंबर २००२मध्ये मुंबई पोलिसांनी त्याला धरलं. जानेवारी २००३मध्ये तो ‘पळून गेला’, असं पोलिसांनी सांगितलं. प्रेतही मिळालं नाही. त्याच्याबरोबर पकडलेले बाकीचे आरोपी पुढे सुटले. सीआयडीने चौदा पोलिसांवर खटल्याची परवानगी मागितली, सरकारने चौघांपुरती दिली. ते चौघेही २०२०मध्ये पुन्हा सेवेत आले. आई कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिली.

दुसरीचा मुलगा पस्तीस वर्षांचा, कायद्याचा विद्यार्थी. १० डिसेंबर २०२४ला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशी आंदोलन पेटलं, पोलिसांनी धरपकड केली. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो मेला. सरकारने विधानसभेत त्याच्या जुन्या आजाराचं कारण दिलं. शवविच्छेदनाच्या अहवालात अंगावरच्या अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण होतं. आई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेली, प्रकाश आंबेडकरांनी बाजू मांडली, आणि जुलै २०२५मध्ये खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथेही आदेश कायम राहिला.

नीट पाहा, मृत्यूनंतर सात महिन्यांनी, दोन न्यायालयांनी सांगितल्यावर, फक्त गुन्हा नोंदवण्यापर्यंत गोष्ट आली. खटला, साक्षी, निकाल हे सगळं त्याच्या पुढचं. शासनाने त्या आईला मदतीचा धनादेश देऊ केला, तो तिने नाकारला. सामान्य बाईने दाखवलेला हा करारीपणा फार दुर्मीळ आहे. पण न्याय मिळण्यासाठी प्रत्येक आईला असं असामान्य व्हावं लागत असेल, तर व्यवस्था मोडलेली आहे.

व्यवस्था कुठे मोडते, हे मी एकदा जवळून पाहिलं. ठाण्याचं नाव लिहीत नाही. आमच्या गल्लीतल्या एका मुलाला मोबाइल चोरीच्या संशयावरून संध्याकाळी उचललं. त्याची आई चार घरची धुणीभांडी करते. ‘पूछताछ के वास्ते लेके गए,’ एवढंच तिला कळलं होतं. रात्री नऊला ठाण्याच्या फाटकाशी आम्ही तीसेक माणसं जमलो. आरडाओरडा झाला. आत टेबलाशी बसलेला रायटर मान वर न करता लिहीत होता. त्याला आमच्या ओरडण्याची सवय होती. मग सिटी सिव्हिल कोर्टातून निवृत्त झालेले आमचे एक काका पुढे झाले. हात जोडून म्हणाले, ‘साहेब, अटक केली असेल तर मेमो दाखवा, त्यावर साक्षीदाराची सही आणि वेळ लागते. केली नसेल तर स्टेशन डायरीत काय लिहिलंय तेवढं सांगा.’ रायटरने पहिल्यांदा मान वर केली. डायरीत त्या मुलाचं नावच नव्हतं. कागदावर तो मुलगा त्या वेळी ठाण्यात नव्हताच. त्या रात्री त्याला काही झालं असतं, तर तो ठाण्यात होता हे सिद्ध करायलाच आईची दहा वर्षं गेली असती.

अर्ध्या तासात मुलगा बाहेर आला. गालावर बोटं उठलेली होती, तळपाय टेकवत नव्हते. आम्ही म्हटलं, सरकारी दवाखान्यात नेऊ, जखमांची नोंद करू, तक्रार देऊ. आईने डोक्यावरचा पदर घट्ट धरला. ‘नको काका. इथंच ऱ्हायचंय आम्हाला.’ तिला कुणी भित्री म्हणू नये. तिने हिशेब बरोबर केला होता.

अटकेचा मेमो, नातेवाइकाला कळवणं, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी हे सगळे नियम सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात डिसेंबर १९९६मध्ये घालून दिले. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावा आणि चित्रण जपून ठेवा, असं २०२०मध्ये सांगितलं. २००६च्या प्रकाश सिंह निकालात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमायला सांगितलं. नियमांची वाण नाही. नियम मोडला तर मोडणाऱ्यावर पुरावा उभा राहत नाही, ही अडचण आहे. कोठडीत जे घडतं त्याचे साक्षीदार दोनच, मारणारे आणि मार खाणारा. मार खाणारा मेला की उरतात ते आपसातले.

या अडचणीवर उपाय आहे, आणि तो या देशाने एकदा अर्धा केलेला आहे. १९७२मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी केलेल्या अत्याचाराचा खटला चालला. नागपूर खंडपीठाने पोलिसांना शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केला नाही, म्हणून १९७८मध्ये त्यांना सोडलं. नल्लाकुंटा पेटलं तेच हे वर्ष. वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, उपेंद्र बक्षी आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. गावोगावच्या स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि त्या घरी परतल्या नाहीत. चार वर्षं त्यांनी हा प्रश्न नेटाने लावून धरला. १९८३मध्ये कायदा बदलला. साक्षीच्या कायद्यात ११४-अ हे कलम आलं. कोठडीत संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाई म्हणाली माझी संमती नव्हती, तर न्यायालय ती नव्हती असंच धरून चालेल. उलट सिद्ध करायचं ओझं पोलिसावर.

मृत्यूच्या बाबतीत असं कलम आजही नाही. १९८५मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका शेतकऱ्याच्या कोठडीतल्या मृत्यूच्या प्रकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. शंभर रुपयांची लाच मागितल्याची तक्रार त्याने पोलिसाविरुद्ध केली होती. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी सरकारला सुचवलं की अशा खटल्यांत पुराव्याचं ओझं कुणावर असावं, याचा कायद्याने फेरविचार करावा. त्याच वर्षी विधी आयोगाच्या ११३व्या अहवालाने ११४-ब या कलमाचा मजकूरच लिहून दिला. पोलीस कोठडीत असताना माणसाला जखमा झाल्या, तर त्या ताबा असलेल्या पोलिसाने केल्या असं न्यायालयाला धरता यावं. २०१७च्या २७३व्या अहवालाने ती शिफारस पुन्हा केली. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७मध्ये सही केली आहे, पण त्याला मान्यता दिलेली नाही. २०२३मध्ये साक्षीचा कायदा मुळातून नव्याने लिहिला गेला. ११४-अ नव्या क्रमांकाने त्यात आलं. ११४-ब आलं नाही. त्या वेळी कुणी मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही, कारण त्या आठवड्यात आपल्यासमोर कुणाचं प्रेत नव्हतं.

अशी तरतूद असती तर परभणीच्या आईला शवविच्छेदनाचा कागद हातात असताना सात महिने गुन्ह्यासाठी कदाचित झगडावं लागलं नसतं. आमच्या गल्लीतल्या आईचा हिशेबही कदाचित वेगळा झाला असता. काचीगुडा सिकंदराबाद लोकसभा मतदारसंघात येतं, परभणीला स्वतःचा खासदार आहे. खासगी विधेयक मांडायला एक खासदार पुरतो, आणि विधी आयोगाने मजकूर लिहून ठेवलेला आहे. आमच्या काकांनी तो अहवाल छापून घेतला आहे. खासदारांच्या कार्यालयात तो नेऊन द्यायचा आणि दर अधिवेशनाआधी जाऊन त्याचं काय झालं हे विचारायचं, असं गल्लीतल्या काही जणांनी ठरवलं आहे.