तळहातावरील दोन वस्तू

२०२५ सालचा, टायटॅनियमच्या चौकटीचा, २१८ ग्रॅम वजनाचा गॅलेक्सी एस२५ अल्ट्रा हा फोन प्रथम हाती घेताच त्याचे तेज मनाला मोहविते, हे नाकारण्यात हशील नाही. परंतु अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गीसारख्या कन्नड-मराठी सरहद्दीवरील गावी, बसवण्णांच्या परंपरेतील लिंगायत उपासक इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन त्यावर दृष्टी स्थिर करतो हे ज्यास ठाऊक आहे, त्याच्या मनात प्रश्न उद्भवतोच, की या यंत्राकडे एकटक पाहणाऱ्यासही उपासक का म्हणू नये? इष्टलिंगाची काळी, गुळगुळीत कांती काहीच दाखवीत नाही, म्हणून दृष्टी अंतर्मुख होते. सेकंदास १२० वेळांपर्यंत पालटणारे हे पटल मात्र तिला स्वस्थ बसू देत नाही. एकाग्रता आणि आसक्ती यांतील हा भेद न जाणणारा मनुष्य, मालकीची पावती बाळगूनही, अखेर ताबेदारच ठरतो.