आकडा कुठून आला?

राष्ट्रीय लोक अदालतीच्या दिवशी जिल्हा न्यायालयाच्या आवारात मोटार अपघाताच्या दाव्यांचं टेबल लगेच ओळखू येतं. कुबडी टेकलेला माणूस, त्याची बायको, तिच्या हातात एक्स-रेची मोठी पाकिटं, आणि समोर विमा कंपनीचा अधिकारी, फायलीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेल्या एका आकड्यासह. वकील म्हणतो आठ लाख, अधिकारी म्हणतो चार, पॅनेल म्हणतं, सहावर मिटवून टाका. सह्या होतात, सगळे हात जोडून उठतात. आठ कुठून आले आणि चार कुठून आले, हे मात्र ज्याचा पाय मोडला त्याला कुणीच सांगितलेलं नसतं.

घासाघीस मुळात वाईट नाही. भाजीच्या जुडीला दोघांना पटेल तीच किंमत, आणि तिथे मध्य काढला की विषय संपतो. जखमेचं तसं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १६८ न्यायाधिकरणाला ‘न्याय्य’ भरपाई ठरवायला सांगतं. नागप्पा विरुद्ध गुरुदयाल सिंग या २००२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याचा अर्थ असा लावला, की पुराव्यावरून योग्य दिसत असेल तर मागितल्यापेक्षा जास्त रक्कमही देता येते. जिथे न्यायाधीश मागणीच्याही वर जाऊ शकतो, तिथे मागणी आणि ऑफर यांच्या मधोमध उभं राहण्याला काही अर्थ उरत नाही.

हिशेबाची रीत तर ठरलेली आहे. सुसम्मा थॉमसच्या निकालाने (१९९४) गुणक पद्धत रुळवली, सरला वर्माने (२००९) वयानुसार गुणकांचा तक्ता पक्का केला आणि प्रणय सेठीने (२०१७) पुढच्या उत्पन्नवाढीची टक्केवारी बांधून दिली. एक कल्पित सुतार घेऊ. वय चौतीस, स्वतःचं काम, महिन्याला १५,००० रुपये. उजवं मनगट चिरडलं, प्रमाणपत्रावर ३० टक्के कायमचं अपंगत्व. वर्षाचे झाले १,८०,०००. चाळिशीच्या आतला स्वयंरोजगारी म्हणून ४० टक्के वाढ, म्हणजे २,५२,०००. त्याच्या वयाला गुणक १६, म्हणजे ४०,३२,०००. याचे ३० टक्के १२,०९,६००. दवाखान्याची बिलं, वेदना, सोबतीला लागलेलं माणूस, प्लेट काढायची पुढची शस्त्रक्रिया, हे सगळं त्याखेरीज.

आता उत्पन्नाचा पुरावा नाही असं म्हणून महिन्याचे १०,०००च धरा. रक्कम ८,०६,४०० वर येते. उलट उत्पन्न १५,०००च ठेवून, हात असा झाल्यावर याचा ६० टक्के धंदा गेला असं मानलं, तर ती २४,१९,२०० होते. माणूस तोच, मनगट तेच, कायदाही तोच. तिप्पट फरक पडला तो दोन रकान्यांमुळे. वाटाघाट व्हायची तर ती या रकान्यांवर व्हायला हवी, आणि टेबलावर नेमके तेच रकाने कुणी उघडत नाही.

टक्केवारीचा रकाना सर्वांत जास्त फसवतो. डॉक्टर सांगतात ते अवयवाचं किंवा शरीराचं अपंगत्व. कमाईचं किती नुकसान झालं हे सांगणं त्यांचं काम नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१०च्या निकालात हे फार स्वच्छ मांडलं आहे. डावा हात गेला तर ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडते. सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. प्रमाणपत्रावर दोघांचा टक्का सारखाच. तरीही तडजोडीच्या बोलण्यात तो टक्का जसाच्या तसा गुणाकारात बसवला जातो, कारण बसवणाऱ्याला तो सोयीचा असतो. त्याच निकालात असंही आहे की मृत्यूच्या दाव्यात होते तशी वैयक्तिक खर्चाची वजावट जखमीच्या दाव्यात करायची नाही. माणूस जिवंत आहे, त्याला जेवायला लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाला लिहून ठेवावं लागलं! मेडिक्लेममधून मिळालेले पैसे भरपाईतून कापता येत नाहीत, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानेही २०२५मध्ये ठरवून दिलं.

उत्पन्नाचं तर विचारूच नका. नाक्यावर उभा राहणारा गवंडी, घरोघर जेवणाचे डबे पोचवणारी बाई, यांच्याकडे पगाराची स्लिप कुठून येणार? गृहिणीच्या रकान्यात तर शून्यच लिहायची सवय. कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या २०२१च्या निकालाने घरकामाला मोल आहे आणि त्यात पुढची वाढही धरायची, हे सांगितलं. तो दावा मृत्यूचा होता. पण खुबा मोडून वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या घरात स्वयंपाकाला, म्हाताऱ्यांच्या देखभालीला माणूस ठेवावं लागतं, तेव्हा त्या शून्याची किंमत घरच्यांना बरोबर कळते.

विमा कंपनीचं सगळ्यात मोठं बळ वकील किंवा पॅनेलवरचे डॉक्टर हे नसून वेळ हे आहे. कंपनी थांबू शकते. कर्ज काढून ऑपरेशन केलेला माणूस थांबू शकत नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे त्याला घरचे ऐकवतात, आणि कधीकधी त्याचा वकीलही. वकिलाने रकमेवर टक्का ठरवून फी घेऊ नये असा बार कौन्सिलचा नियम आहे. तो किती पाळला जातो हे आवारातल्या चहावाल्यालाही ठाऊक असतं. टक्का घेणाऱ्यालाही आज मिळणारे सहा उद्याच्या बारांपेक्षा बरे वाटतात. त्यात व्याजाची मेख आहे. दावा चार वर्षं पडून असेल तर साडेसात टक्के सरळ व्याजाने मुद्दलाच्या तीस टक्के वर होतात. ‘सहा लाख, सगळं धरून’ या चार शब्दांत ते गुपचूप विरघळतं.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. धडक देऊन पळालेल्या वाहनाच्या जागी विमा असलेलं दुसरंच वाहन उभं करायचं, जुन्या दुखण्याला अपघात चिकटवायचा, हे प्रकार झालेले आहेत. उत्तर प्रदेशातल्या बोगस दाव्यांचा तपास विशेष पथकाकडे द्यावा लागला. तो पैसा शेवटी सगळ्या वाहनधारकांच्या हप्त्यांतून जातो. पण संशय अपघात खरा की खोटा यावर घ्यावा. अपघात मान्य करून, वाहन मान्य करून, मग फक्त थकवून आकडा खाली आणायचा, याला खबरदारी म्हणता येणार नाही.

२०१९च्या दुरुस्तीने आलेल्या आणि १ एप्रिल २०२२पासून लागू झालेल्या कलम १४९ने कंपनीला अधिकारी नेमून तीस दिवसांत तडजोडीची ऑफर द्यायला वाव दिला. मृत्यूच्या दाव्यात किंवा किरकोळ दुखापतीत हे उत्तमच. पण तीस दिवसांत मनगटाचं हाड नीट जुळलेलंसुद्धा नसतं. बोटं किती वळणार हे कुणालाच माहीत नसतं. दावा दाखल करायची सहा महिन्यांची मुदतही त्याच दुरुस्तीने परत आली, आणि तिच्या वैधतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आहे. मुदतीत दावा दाखल करावा, मात्र कायमच्या अपंगत्वाची तडजोड उपचार स्थिरावल्याशिवाय करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नागप्पाच्या निकालात एक कडू भागही आहे: एकदा अंतिम निवाडा झाला की पुढच्या उपचारासाठी पुन्हा रक्कम देण्याची सोय कायद्यात नाही. लोक अदालतीच्या निवाड्यावर तर अपीलही नाही.

म्हणून कलम १४९ असो की लोक अदालत, तडजोडीची नोंद होण्याआधी कंपनीने एक पान मराठीत जखमीच्या हातात द्यावं, अशी सक्ती हवी. उत्पन्न किती धरलं आणि का, पुढची वाढ किती, गुणक कोणता, कमाईचं नुकसान किती टक्के मानलं, पुढच्या उपचाराला काय ठेवलं, निष्काळजीपणाचा वाटा त्याच्यावर टाकला असेल तर कोणत्या पुराव्यावर, व्याज किती सोडायला लावलं. असं पान दिलं तर वाद वाढतील, असं अधिकारी म्हणतील. वाढू देत. सुतार त्या पानावर बोट ठेवून म्हणेल, बाकी सगळं मान्य, पण हे तीस टक्के कसे? मग तडजोड फिसकटली तरी न्यायाधिकरणासमोर तपासणी त्या एकाच रकान्याची चालेल.