डोळ्यांचे पाहणे आणि आपले पाहणे

डोळ्यांना दिसले म्हणजे आपण पाहिले, असे आपण सहज धरून चालतो. परंतु डोळ्यांचे पाहणे कोठे संपते आणि आपले कोठे सुरू होते, हा प्रश्न वाटतो तितका पोकळ नाही. कारण माणसाची जबाबदारी त्या सीमेपासूनच सुरू होते.

ही सीमा विज्ञानाने आता बरीच स्पष्ट केली आहे. नेत्रपटलातील ऱ्होडॉप्सिन या प्रथिनात रेटिनल नावाचा एक वाकडा रेणू असतो. प्रकाशकण पडला की तो सरळ होतो. १९९१ साली अमेरिकेतील संशोधकांनी लेसरच्या स्पंदांनी हा काळ मोजला. तो सुमारे २०० फेम्टोसेकंद भरला. युक्ती साधीच आहे: पहिला स्पंद रेणूस चाळवतो, दुसरा त्याची अवस्था टिपतो, दुसऱ्याचा मार्ग केसाच्या जाडीइतका लांबविला की तेवढाच उशीर साधतो. उलट, दिसल्याची जाणीव होण्यास दशांश सेकंद तरी लागतो, म्हणजे सुमारे पन्नास हजार कोटी पट काळ!

बरे, हे केवळ मानवाचे वैभवही नव्हे. पेण-उरणकडे मिठागरे आहेत. असल्या अतिखारट पाण्यास तांबूस छटा आणणाऱ्या सूक्ष्म जीवांपैकी काहींत रेटिनल धारण करणारे जांभळे प्रथिन असते. ते १९७१ साली ओळखले गेले. तो जीव प्रकाशावर उदरनिर्वाह करतो. पाहत मात्र नाही. तेव्हा प्रकाश ग्रहण करण्यात पुण्य नाही आणि पापही नाही.

मग कोणी म्हणेल, आरंभच आपल्या हाती नसेल, तर दोष कोणाचा? आम्हांस हा युक्तिवाद पटत नाही. भर उन्हात मीठ ओढणारा आगरी आणि त्याच्यापुढील शुभ्र रास, दोहोंवरून आलेल्या प्रकाशाने रेटिनल सारखाच सरळ होतो. तरी मोटारीतून अलिबागेस जाणाऱ्यास रास आठवते, माणूस आठवत नाही. ही निवड रेणूने केलेली नाही. ती मेंदू नकळत करतो, हे खरे. पण मेंदूस ते वळण घर, शाळा आणि बोलणेचालणे यांनी वर्षानुवर्षे लाविलेले असते. ते वळण पालटणे आपल्या हाती आहे.

निसर्ग आपला भाग पक्षपाताविना २०० फेम्टोसेकंदांत उरकतो. उरलेले आयुष्य त्याने आपणांस दिले आहे. तेव्हा पाहावयास वेळ अपुरा पडला, असे तरी कोणास म्हणता येणार नाही.