पाचजणींचा आवाज

2002 साली चॅनल व्हीवर ‘पॉपस्टार्स’ नावाची स्पर्धा झाली. मूळ कल्पना न्यूझीलंडची; 1999 साली तिथे ती पहिल्यांदा झाली आणि मग देशोदेशी पसरली. आपल्याकडेही गावोगावच्या मुली गायला आल्या, फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या, रडारड झाली. शेवटी ज्या उरल्या, त्यांच्यात मात्र पहिली, दुसरी, तिसरी असं काही नव्हतं. प्रतिची महापात्रा, नेहा भसीन, महुआ कामत, अनुष्का मनचंदा आणि सीमा रामचंदानी. पाचजणींना मिळून एकच बक्षीस होतं, ते म्हणजे एकमेकींची सोबत. त्या ग्रुपचं नाव ‘विवा’. ‘हम नए गीत सुनाएँ’ आणि ‘जागो ज़रा’ ही त्यांची गाणी खामगावच्या केबलवर दिवसातून कितीदा तरी लागायची. मी तेव्हा दहावीत होते आणि आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींसारखीच त्या पाचजणींवर फिदा होते. आजही आहे.

2024च्या दिवाळीपासून 2025च्या दिवाळीपर्यंतचं वर्ष जुन्या ग्रुपांच्या चाहत्यांचं होतं. जानेवारीत कोल्डप्ले नवी मुंबईत आणि अहमदाबादला वाजवून गेले. मे महिन्यात गन्स एन’ रोझेस मुंबईला येऊन गेले. 2009 साली फुटलेला ओएसिस जुलैत कार्डिफच्या मंचावर पुन्हा उभा राहिला, तेव्हा त्यातल्या गॅलाघर बंधूंचं भांडण पाठ असलेल्या लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्याकडे युफोरिया, सिल्क रूट, आर्यन्स, बॉम्बे वायकिंग्ज यांची गाणी फोनवर फिरत राहिली. बुलढाण्यासारख्या जिल्ह्याच्या गावाहून मुंबईच्या कार्यक्रमाला जायचं तर आधी एसटीने घाट उतरून मलकापूर गाठायचं आणि पुढे रात्रभराची रेल्वे. तिकिटाचे पैसे निराळेच. त्यामुळे 26 जानेवारीला सकाळी शाळेचं झेंडावंदन आटोपून संध्याकाळी मी कोल्डप्लेचा अहमदाबादचा कार्यक्रम हॉटस्टारवर पाहिला. लाखभर माणसं एका सुरात गात होती. त्या आवाजानेच मला माळ्यावरच्या कॅसेटी काढायला लावल्या. वर्षभर मी त्या ऐकत होते आणि ही ओढ नेमकी कशाची, याचा विचार करत होते.

याचं एक उत्तर तयारच असतं. माणसाला पंधरा ते पंचवीस या वयातलं सगळं जास्त लख्ख आठवतं, असं मानसशास्त्राचे अभ्यासक सांगतात. ते खरं आहे. पण त्याने माझं समाधान होत नाही. 2002 सालीच ‘देवदास’ आला, ‘साथिया’ आला. ती गाणी मी त्याच वयात, त्याच घरात, त्याच टेपवर ऐकली. अजूनही ती मला तोंडपाठ आहेत. ती लागली की छान वाटतं आणि संपली की मी कामाला लागते. ‘विवा’चं गाणं लागलं की मला आधी माणसं आठवतात आणि गळा आपोआप मोकळा होतो. म्हणजे नुसत्या वयाकडे बोट दाखवून भागत नाही. ग्रुपच्या गाण्यात काहीतरी आहे, जे एकट्या गायकाच्या गाण्यात नाही.

ते काय आहे, हे मला आमच्या शाळेच्या गॅदरिंगनेच दाखवलं होतं. आम्ही पाचजणींनी ‘विवा’चं गाणं बसवायचं ठरवलं. कॅसेट लावून नुसते ओठ हलवायचे नाहीत, प्रत्यक्ष गायचं, असा आमच्या गाण्याच्या सरांचा आग्रह. सरांनी पेटीवर काळी चार धरली. चौघींना ती जमली, पाचवीला जमेना. तिचा आवाज जाड, ढाला. गाण्याच्या स्पर्धेत तिचं नाव कधी कोणी घेतलं नव्हतं आणि तिनेही दिलं नव्हतं. आता हिला बाजूला करून चौघींनीच गावं, असं आमच्यापैकी कोणीतरी म्हणालंसुद्धा. सरांनी ऐकलं नाही. त्यांनी तिला खालचा पंचम दिला आणि म्हणाले, आम्ही कुठेही गेलो तरी तू इथून हलायचं नाहीस. दोन दिवस ती घाबरत, चाचपडत तो सूर धरत होती. तिसऱ्या दिवशी तिने तो घट्ट धरला आणि आमचं गाणं एकाएकी भरल्यासारखं झालं. वर आम्ही काय वाटेल ते करत होतो, खाली ती होती. पुढे कितीतरी दिवस आम्ही सगळ्या तिच्या आवाजाबद्दलच बोलत होतो.

तालमी आमच्या घरी चालायच्या. आजी अंगणात बसून ऐकायची. टीव्हीवर पाच मुली मिळून गातात, याचं आम्हाला फार अप्रूप. तिला अजिबात नव्हतं. ‘‘भुलाबाईतबी असंच ऱ्हायते वं पोरी,’’ ती म्हणायची, ‘‘एकीचा गया बसला तं बाकीच्या हायेत ना.’’

आजीचं म्हणणं मला तेव्हा गमतीचं वाटलं होतं. या वर्षभरात त्यावर मी पुन्हापुन्हा विचार केला आणि माझ्या मते या साऱ्या विषयाची किल्ली तिच्याच वाक्यात आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे भुलाबाई बसते. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, मांडीवर गणोबा. रोज संध्याकाळी मुली घरोघरी जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, शेवटी डबा हलवून आतली खिरापत ओळखायची. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मखर करतात. या गाण्यांना कवी नाही, मुख्य गायिका नाही. एक उचलते, बाकीच्या झेलतात. जिला चाल येत नाही तीही गाते, चार संध्याकाळी गेल्या की तिला येते. नवीन लग्न होऊन गावात आलेली सूनसुद्धा आठवड्याभरात त्या घोळक्यातली होते. पाचजणींचा ग्रुप आमच्या केबलवर आला, तेव्हा तो ऐकायला आमचे कान आधीच तयार होते, ते असे.

आणि हे मुलींपुरतंच नाही. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते, तेव्हा टाळकऱ्यांच्या रांगांकडे नीट पाहा. एकजण चाल सांगतो, दोन्ही रांगा ती धरतात. चालून चालून एकाचा दम संपतो, दुसरा अभंग उचलतो. गाणं थांबत नाही. गोंधळात, पोवाड्यात मागे झील धरणारे असतात. पुढचा शाहीर कितीही तयारीचा असो, झीलकरी हलले तर रंग जातो. कोण झील धरतो, हे गावाला माहीत असतं आणि त्याला मान असतो. आपल्या संगीतात झील धरणं हे कधीच कमी दर्जाचं काम नव्हतं.

बिनसिनेमाच्या गाण्याचं वेड आमच्या बुलढाणा जिल्ह्याला ‘विवा’सारख्यांच्या इंडीपॉपनेच लावलं, असंही नाही. मेहकरला वकिली करणारे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशींनी 1930च्या दशकात तबकडीवर गायली आणि ती महाराष्ट्रभर गेली. मराठी भावगीताची सुरुवात सांगताना या तबकडीचं नाव घ्यावंच लागतं. ‘शीळ’ याच नावाचा देशपांड्यांचा संग्रह 1954 साली आला, म्हणजे लोकांनी गाणं आधी ऐकलं आणि पुस्तक मागाहून पाहिलं. मला मेहकरचा फार अभिमान आहे. पण तबकडीने आणि भावगीताने आपल्याला एक नवी सवयही लावली. एकाने आपल्या मनातलं गायचं आणि दुसऱ्याने गप्प बसून ऐकायचं. ती सवय पुढे रेडिओने, टेपने, इयरफोनने पक्की केली. ध्वनिमुद्रित गाण्यांच्या त्या गर्दीत आमच्या अंगणासारखं ऐकू येणारं गाणं माझ्या पिढीला ग्रुपांनी दिलं. म्हणून ते इतकं आत गेलं.

मग ग्रुप गेले कुठे? ‘विवा’च्या दुसऱ्या अल्बमपर्यंत पाचाच्या चार झाल्या होत्या आणि मग थोड्याच काळात ग्रुप संपला. ‘अ बँड ऑफ बॉइज’ या मुलांच्या ग्रुपमध्ये आशाताई भोसल्यांचा नातू चिंटू भोसले होता. 2004 साली त्या पाचजणांना घेऊन ‘किस किस को’ नावाचा सिनेमाही निघाला, पण पुढे त्यांच्याही वाटा फुटल्या. भांडणं झाली असतील, पण भांडणं तर भजनी मंडळातही होतात. खरं कारण व्यवहाराचं होतं. एका सीडीवर शेदीडशे गाणी भरून ती बसस्टँडवर विकली जाऊ लागली आणि कॅसेट घेणारं गिऱ्हाईक आटलं. संगीताच्या वाहिन्यांवरचा वेळ सिनेमावाल्यांनी आपल्या जाहिरातींसाठी व्यापला. कार्यक्रम ठरवणाऱ्याने हिशेब केला: एक गायक आणि तयार ट्रॅक, की पाच गायक, पाच तिकिटं, पाच खोल्या? सिनेमाला तर एकेकटे गळेच हवे होते. सिल्क रूटचा मोहित चौहान, बॉम्बे वायकिंग्जचा नीरज श्रीधर, ‘विवा’च्या नेहा आणि अनुष्का, सगळे पार्श्वगायनात गेले आणि त्यांनी तिथे नाव काढलं. ‘सुलतान’मधलं ‘जग घूमेया’ नेहाच्या आवाजात ऐकताना मला घरची मुलगी मोठी झाल्यासारखा आनंद होतो. तरीही ग्रुप मोडला तो मोडलाच.

माझ्या मते खरा सांधा बदलला तो ‘इंडियन आयडॉल’पासून. मार्च 2005 मध्ये अभिजीत सावंत जिंकला. आपला मराठी मुलगा, म्हणून आमच्या गल्लीत फटाके वाजले, एसएमएस पाठवून पाठवून लोकांचे बॅलन्स संपले. मीही त्या आनंदात होते आणि अभिजीतच्या गुणांबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण तीन वर्षांपूर्वी त्याच टीव्हीवर पाचजणी मिळून जिंकल्या होत्या. आता एकाने जिंकण्यासाठी बाकी सगळ्यांनी हरायचं होतं. तेव्हापासून गावोगावच्या मुलांना गाणं म्हणजे हेच, असं शिकवलं गेलं आहे. तालुक्याच्या स्पर्धेत सात-आठ वर्षांची मुलगी गाऊन झाल्यावर शेजारच्या मुलीकडे प्रतिस्पर्धी म्हणून बघते, हे मी स्वतः पाहिलं आहे आणि ते पाहून मला वाईट वाटलं. जाड आवाजाची मुलगी आता पहिल्याच फेरीत बाद होते. तिला खालचा पंचम देणारं कोणी नाही.

जुन्या ग्रुपांना परत आणण्याची एक तऱ्हा लंडनला निघाली आहे. मे 2022 पासून तिथे अ‍ॅबा या स्वीडिश ग्रुपचा कार्यक्रम होतो. त्यातले चौघे आज सत्तरीच्या पुढे आहेत, मंचावर मात्र त्यांच्या तरुणपणच्या संगणकाने घडवलेल्या आकृत्या गातात. लोक तिकिटं काढून जातात, नाचतात, खूश होऊन परततात. त्यांचा आनंद खोटा आहे, असं मी म्हणणार नाही. पण मला ‘विवा’चं तसं काही झालेलं नको आहे. ग्रुपमध्ये गाताना निम्मं काम कान करतात. शेजारणीने सूर सोडला तर तो आपण उचलायचा, तिने श्वास घेतला की आपण घ्यायचा नाही. पडद्यावरच्या आकृतीला शेजारणीचा सूर ऐकू येत नाही.

आमच्या पाचजणींचं म्हणाल, तर एक पुण्याला, एक नागपूरला, एक दुबईत, आणि आम्ही दोघी अजून जिल्ह्यातच. कॅसेटी निघाल्या तेव्हा मी त्यांचे फोटो टाकले आणि लगेच व्हिडिओ कॉलवर गायचं ठरलं. ते जमत नाही. आवाज एकमेकींपर्यंत किंचित उशिरा पोहोचतो, आणि दोघी एकदम गाऊ लागल्या की ते यंत्र एकीचा आवाज दाबून दुसरीचा पुढे करतं. बोलण्यासाठी ते सोयीचं आहे, कारण बोलताना एकावेळी एकानेच बोलायचं असतं. पाचजणींना एकत्र गाता येईल, असा विचार ते बनवताना कोणी केलाच नाही. शेवटी मे महिन्यात, उन्हाच्या ऐन कहरात, आम्ही खामगावला जमलो. मुलंबाळं बरोबर होती. शब्द बरेच विसरले होते, चाली मात्र नाही. आवाज सगळ्यांचेच उतरले आहेत. काळी चार आता आम्हाला झेपत नाही, पांढरी दोनवर आलो. फरक पडला नाही तो एकीलाच. कोणी सांगायच्या आधीच तिने पंचम धरला. माझी मुलगी तिच्याजवळ जाऊन बसली आणि तोच सूर धरायचा प्रयत्न करू लागली. तिला शाळेत समूहगान फक्त 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीपुरतं माहीत आहे.

2025च्या भुलाबाईला आम्ही आमच्या कॉलनीतल्या मुली गोळा केल्या. पहिल्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, यात जिंकायचं कसं? कोजागिरीपर्यंत हा प्रश्न कोणी पुन्हा विचारला नाही.

डिसेंबर आला की शाळाशाळांत गॅदरिंगच्या तालमी सुरू होतात. बुलढाणा जिल्ह्यातल्याच नव्हे, सगळीकडच्या शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे: एकेकट्या गायकांची यादी करून झाली की एक गाणं पाच-सहा जणींसाठी राखून ठेवा. ट्रॅक लावू नका, पेटी काढा. आणि ज्या मुलीने यादीत नाव दिलेलं नाही, तिला आधी बोलवा.