अर्थिंग कोण बघणार?

बाहेर उभी असलेली ती पांढरी गाडी सगळ्यांनी पाहिली ना? 2014 सालची, क्लचचं पेडल नसलेली. दारव्ह्याच्या एका निवृत्त सिस्टरबाईंची आहे. गुडघे गेलेत म्हणून त्यांनी मुद्दाम बिनक्लचची घेतली. तुमच्यातल्या तिघांनी सुट्टीत हे काम परस्पर अंगावर घेतलं, बाईंकडून आगाऊ पैसे उचलले, नागपूरहून सेकंड हँड टीसीएम, म्हणजे गिअरबॉक्सचं कंट्रोल मॉड्यूल, मागवलं, बसवलं, आणि गाडी जिथल्या तिथं! गिअर पडत नाही, मीटरवर नुसता एन लुकलुकतोय. आणि काल बाईंना काय सांगितलंत? ‘मॅडम, हेही खराबच निघालं, आणखी एक मागवावं लागेल.’ काऊन रे, हे सांगताना जीभ जरा तरी अडखळली का?

मॉड्यूल खराब आहे हे ठरवलं कशावरून, विचारलं तर उत्तर तयार. ‘सर, स्कॅनरवर यू-0101 आला.’ आला ना. त्याचा अर्थ काय? गिअरबॉक्सच्या कंट्रोल मॉड्यूलशी संपर्क होत नाही, एवढाच. झरी-जामणीच्या जंगलात गेलेल्या मित्राचा फोन लागला नाही, तर तुम्ही त्याच्या तेराव्याची तयारी करता का? मॉड्यूल बोलत नाही, त्याचा फ्यूज उडाला असेल, रिले चिकटला असेल, कपलरमधली पिन मागं सरकली असेल, मॉड्यूलं ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या कॅनच्या दोन वायरींपैकी एक उंदरानं कुरतडली असेल. अर्थिंग गेलं असेल. हे सगळं तपासून झालं आणि सगळं बरोबर निघालं, तर मग शेवटी मॉड्यूलवर बोट ठेवायचं. तुम्ही सुरुवातच शेवटापासून केलीत.

मान खाली घालू नका, इकडे बघा. ओबीडीच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये सहा आणि चौदा नंबरच्या पिना कॅनच्या, हे मी फळ्यावर लिहून दिलं होतं. बॅटरी काढून त्या दोन पिनांवर मीटर लावलं की साधारण 60 ओहम यायला हवेत. लाइनच्या दोन टोकांना 120-120 चे रेझिस्टर असतात म्हणून. 120 आले तर एक टोक तुटलंय. शून्याच्या आसपास आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. दोन मिनिटांचं काम. तिघांच्या खिशात तीन मोबाईल होते, मल्टीमीटर एकाकडेही नव्हतं.

आणि कान कुठं होते? या गाडीत गिअर टाकणारा आणि क्लच दाबणारा हायड्रॉलिक पंप विजेवर चालतो. ड्रायव्हरचं दार उघडलं की तो घुर्र करून दाब भरून घेतो. काल मी दार उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. चिडीचूप. पंप गप्प म्हणजे पंपाला किंवा त्याला हुकूम देणाऱ्या मॉड्यूलला वीज नीट पोचत नाही, ही शंका पहिल्या मिनिटाला यायला हवी होती. पण तुम्ही म्हणे ब्लूटूथवर गाणी लावून काम करत होतात.

मी बाईंना एकच विचारलं, गाडीत कधी पाणी शिरलं होतं का? त्या म्हणाल्या, जुलै 2023 मध्ये यवतमाळला गाडी बहिणीच्या अंगणात उभी होती. तो पाऊस आठवतो ना? शहरात घरांत पाणी घुसलं होतं, महागाव तालुक्यात लोकांना वाचवायला हेलिकॉप्टर मागवायची पाळी आली होती. त्या पाण्यातून निघालेल्या गाडीचं काय काय कुजू शकतं, हे तुमच्या डोक्यात आपोआप यायला हवं. तुम्ही विचारलंच नाही. ज्यानं गाडी रोज चालवली त्याला न विचारता फोनमधल्या ॲपला विचारलंत.

पुढच्या सीटसमोर पायाजवळचं प्लास्टिकचं कव्हर काढलं, कार्पेट उचललं. खालचा नमदा अजून कुबट वास मारतोय. मागं बॉडीवर अर्थिंगचा बोल्ट. त्यावर हिरवट-पांढरी भुकटी, आणि वायरचा लग बोटानं हलवला तर सुटूनच हातात आला. तारेचे दोन-तीन धागे तेवढे शिल्लक होते. जम्पर वायर घेऊन मॉड्यूलचं अर्थिंग थेट बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलं, तर यू-0101 पुसल्यावर पुन्हा आला नाही. तुमचं नागपूरचं मॉड्यूल स्कॅनरशी लगेच बोलायला लागलं.

‘पण सर, आम्ही 12 व्होल्ट चेक केले होते!’ हो, केले असतील. काहीही लोड न टाकता केले. तारेचा एकच धागा उरला तरी मीटर 12.6 दाखवतं, कारण मीटरला करंट लागतोच किती? त्याच वायरीवर इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब लावा. पेटला नाही किंवा मिणमिणला, की चोर सापडला. नाहीतर सिस्टीम चालू ठेवून मॉड्यूलच्या अर्थिंग पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज ड्रॉप मोजा. एक दशांश व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंगवर संशय. यासाठी कंपनीचं महागडं मशीन लागत नाही. पुसदच्या नाहीतर वणीच्या कुठल्याही टपरीवर मिळणारा बल्ब लागतो.

आता ज्यासाठी मी खरा संतापलोय ते ऐका. बाईंचं मूळ मॉड्यूल चांगलं होतं. होतं! तुम्ही ते ‘आत बघायला’ पेचकसानं उचकटलंत. आतल्या पारदर्शक जेलमध्ये पेचकसाचं टोक रुतलेलं स्पष्ट दिसतंय, केसाएवढ्या तारा तुटल्यात. म्हणजे निदान चुकीचं होतं ते तुम्ही आपल्या हातानं खरं करून ठेवलंत. मॉड्यूल आता खरोखर बदलावंच लागणार.

आणि बदलायचं म्हणजे काय, तेही तुम्हाला धड ठाऊक नाही. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. एक अक्षर वेगळं म्हणजे सॉफ्टवेअर वेगळं असू शकतं. बॅटरी काढल्याशिवाय कपलरला हात नाही. सेकंड हँड मॉड्यूलमध्ये आधीच्या गाडीच्या क्लचची झीज साठवलेली असते. ती पुसून या गाडीच्या क्लचचा पकडबिंदू नव्यानं शिकवावा लागतो, नाहीतर चढावर गाडी झटके खाईल, किंवा सुटून मागं येईल. गुडघे गेलेल्या बाईला असली गाडी देणार होतात?

भारतात बिनक्लचच्या स्वस्त गाड्यांची लाट आली ती 2014 च्या सेलेरिओपासून. त्या सगळ्या गाड्या आता जुन्या होऊन तुमच्याच दारात येणार आहेत. 2013 मध्ये फोक्सवॅगननं सात गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्सपायी एकट्या चीनमध्ये 3 लाख 84 हजार गाड्या परत बोलावल्या. त्याच वर्षाअखेर जगभरातल्या आणखी गाड्यांसाठी उपाय काढला, तो काय होता? आतलं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरा. सिंथेटिक तेलामुळे विजेचा पुरवठा बिघडत होता. त्यांनीही आधी नुसते डबे बदलत बसायचं ठरवलं असतं तर? मोठ्या नावाला भुलू नका म्हणून सांगतोय, कंपनीचं कौतुक करायला नाही.

आता काम. तिघंही उद्या सकाळच्या एसटीनं दारव्ह्याला जायचं. बाईंना मोडलेलं मॉड्यूल झाकणासकट दाखवायचं आणि ते कोणी मोडलं हे स्पष्ट सांगायचं. मजुरीचे घेतलेले पैसे परत. मॉड्यूलचा खर्च तिघांनी वाटून घ्यायचा, घरच्यांकडे मागायचा नाही. क्लच शिकवायचं काम मी स्वतः उभा राहून करून घेईन, पण स्कॅनर तुमच्या हातात असेल आणि प्रत्येक पायरी वहीत लिहाल.

बाकीचे उठा. पॉलिश पेपर आणा, तो अर्थिंगचा बोल्ट चकचकीत होईपर्यंत घासा, नवा लग क्रिम्प करा, वर ग्रीस लावा. कार्पेट उन्हात टाका. आणि जम्पर काढून बल्ब लावल्याशिवाय कोणी मला ‘झालं सर’ म्हणायला येऊ नका.